टेलस्टॉक सरकवला की टेपर तयार? थांबा जरा

छोट्या लेथवर लांब टेपर, म्हणजे एका टोकाकडे बारीक होत जाणारा शंकूसारखा उतार, काढायची एक तयार कृती सगळीकडे फिरते आहे. तिच्यातला जॉब म्हणजे कापायचा बार, चक म्हणजे त्याला फिरवणारी जबड्यांची पकड, टेलस्टॉक म्हणजे समोरच्या टोकाला आधार देणारा भाग आणि सेंटर म्हणजे त्यात बसणारं टोक. कंपाउंड ही कोनात वळवता येणारी, टूल धरणारी छोटी स्लाइड, आणि ऑटो फीड म्हणजे टूलची आपोआप चाल. ती थोडक्यात अशी: ‘कंपाउंडच्या नादी लागू नका, तो आखूड टेपरसाठी. दोन्ही टोकांच्या व्यासांतल्या फरकाचं अर्धं काढा, तेवढा टेलस्टॉक आपल्याकडे सरकवा, जॉब चकमध्ये पकडा, दुसऱ्या टोकाला सेंटर लावा आणि ऑटो फीड द्या. झालं की टेलस्टॉक पुन्हा शून्यावर. पाच मिनिटांचं काम.’

टेलस्टॉक सरकवून टेपर निघतो, यात वाद नाही. आपल्याकडे सरकवला की बारीक टोक टेलस्टॉकच्या बाजूला येतं, हेही बरोबर. कमी उताराच्या लांब टेपरसाठी माझीही पहिली पसंती याच पद्धतीला. म्हणूनच तिची ही अर्धवट आवृत्ती खटकते.

आधी ते ‘फरकाचं अर्धं’ बघू. टेपर जॉबच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तरच हे सूत्र चालतं. समजा जॉब ३०० मि.मी. लांब आहे, टेपर त्यातल्या १५० मि.मी.वरच हवा आहे, व्यास २५ वरून २० वर आणायचा आहे. फरकाचं अर्धं २.५ मि.मी. तेवढंच सरकवलंत तर १५० मि.मी.मध्ये व्यास फक्त २.५ ने उतरेल आणि बारीक टोक २० ऐवजी २२.५ चं निघेल. कारण टेलस्टॉक तिरका करतो तो अख्खा जॉब, टेपरचा तुकडा नव्हे. म्हणून त्या अर्ध्याला जॉबच्या पूर्ण लांबीने गुणायचं आणि टेपरच्या लांबीने भागायचं: उत्तर ५ मि.मी. याचीच दुसरी बाजू म्हणजे, एकदा सेटिंग लावलं की सगळे जॉब एका लांबीचे हवेत. एखादा ३०३ मि.मी.चा आला, तर त्याच १५० मि.मी.च्या टेपरमध्ये व्यासाला साधारण ०.०५ मि.मी.चा फरक पडतो. सेंटर ड्रिल (सेंटरचं टोक बसायला भोक पाडणारं) कमी-जास्त खोल गेलं तरी तसंच, फक्त फरक लहान. ढोबळ हँडलला हे चालेल, बसवायच्या टेपरला नाही.

आता त्या कृतीतली सगळ्यात घातक ओळ: ‘जॉब चकमध्ये पकडा.’

टेलस्टॉक सरकवण्याची सगळी युक्ती जॉब दोन बिंदूंवर मोकळा टेकलेला असण्यावर उभी आहे. चक जॉबला मोकळा सोडत नाही. त्याने जॉबचं एक टोक स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रेषेत आवळून धरलं आणि दुसरं टोक तुम्ही ५ मि.मी. बाजूला ओढलंत, तर जॉब तिरका होणार नाही, वाकेल. वाकलेला जॉब फिरत राहतो, टूल सरळ रेषेत जातं, आणि निघतो तो शंकू नसून मधे फुगलेला आकार. पकड घट्ट आहे असं धरलं, तर अगदी मध्यावर जॉब २.५ मि.मी. सरकायला हवा तिथे १.५६ च सरकतो. म्हणजे व्यास तिथे जवळजवळ १.९ मि.मी. जास्त. आणि जोर? २५ मि.मी.चा स्टीलचा बार ३०० मि.मी.वर ५ मि.मी. वाकवायला दोनशे किलोच्या वर बाजूचा दाब लागतो. तो सगळा बिचाऱ्या छोट्या टेलस्टॉकवर. प्रत्यक्षात जबडे थोडे ढळतात, टेलस्टॉक थोडा सरकतो, आणि टेपर कसा येईल हे लेथलाही ठाऊक नसतं. माझा पहिला लांब टेपर असाच पोटफुग्या आला होता आणि दोन दिवस मी टूलला दोष देत होतो.

मग जॉब फिरवायचा कसा? चकमध्ये भंगारातला एखादा तुकडा पकडा, तिथल्या तिथे त्याला ६० अंशांचं टोक काढा. चकमधून काढत नाही तोवर ते टोक नेमकं केंद्रावरच असतं. जॉब या टोकावर आणि टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवा, जॉबला डॉग (शेपटी असलेली, जॉबवर आवळायची पकड) बांधा आणि डॉगची शेपटी चकच्या जबड्याला लागू द्या.

कृतीत सेंटरबद्दल अवाक्षर नाही. जॉब तिरका झाला की ६० अंशांचं टोक ६० अंशांच्या भोकात सगळीकडून बसत नाही, कडांवर टेकतं. भोक झिजतं, जॉब ढिला होतो, माप सरकतं. आपल्या उदाहरणात तिरकेपणा जेमतेम एक अंश, तेवढा निभावतो. त्यापुढे गोळीच्या टोकाचा सेंटर किंवा गोलाई देणारा आर प्रकारचा सेंटर ड्रिल वापरा. मधूनमधून यंत्र थांबवून सेंटर तपासा, डेड सेंटर (जॉबबरोबर न फिरणारा) असेल तर तेलही द्या.

‘कंपाउंड आखूड टेपरसाठी’ हे निम्मं खरं. छोट्या लेथवर त्याची चाल बहुधा पन्नास-साठ मि.मी. असते, आणि फीड हाताने. पण भोकातला टेपर टेलस्टॉक सरकवून काढायचा तरी कसा? तिथे कंपाउंडच लागतो, नाहीतर टेपर अटॅचमेंट, म्हणजे टूलला तिरक्या रेषेत नेणारी जोडणी. फक्त अंशाच्या खुणांवर विसंबू नका. मोर्स २ या ठरावीक मापाच्या टेपरचा अर्धा कोन १ अंश २५ मिनिटं ५० सेकंद आहे; तुम्ही नजरेने दीड अंश लावलात, तर ६४ मि.मी.मध्ये त्रिज्येत सुमारे ०.०८ मि.मी. चूक. त्यापेक्षा सेंटरांमध्ये सरळ बार धरा, टूलपोस्टवर डायल (बारीक अंतर काट्याने दाखवणारं मापक) लावा आणि कंपाउंड ५० मि.मी. चालवा. काटा १.२४८ मि.मी. फिरला की कोन लागला. चाल अपुरी पडली म्हणून कॅरेज (बेडवरून सरकणारा, टूल वाहणारा भाग) ३० मि.मी. पुढे नेऊन तिथून कापायचं असेल, तर टूल आडवं सरकवणारा क्रॉस स्लाइडही ०.७५ मि.मी.ने जुळवावा लागतो. तरी सांध्यावर बारीक पायरी राहतेच, बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा, सोडत नाही.

राहिली ती पाच मिनिटं. टेलस्टॉकच्या बुडावरच्या शून्याच्या खुणेवर लेथ सरळ येत नाही. ती खूण फक्त जवळपास आणते. काही छोट्या लेथवर टेलस्टॉक बेडवरून उचलल्याशिवाय तो सरकवायचा स्क्रू हाताला लागतच नाही. नंतर टेलस्टॉक नेमका जुळवायला बारच्या दोन टोकांना हलका कट घ्या, मायक्रोमीटरने मोजा, सरकवा, पुन्हा कट. माझा यात कधी कधी तास गेला आहे.

हा तास वाचवायचा असेल तर टेलस्टॉकला हातच लावू नका. टेलस्टॉकच्या भोकात बसेल अशा शँकचं (दांड्याचं) बोरिंग हेड, म्हणजे टूल स्क्रूने बाजूला सरकवता येणारं हेड, घ्या, त्यात बोरिंग बारच्या (भोक मोठं करणाऱ्या टूलच्या) जागी सेंटर लावा आणि हवं तेवढं अंतर हेडच्याच स्क्रूने द्या. हेडची सरक आडवी आहे की नाही हे डायलने बघून घ्या, नाहीतर टोक वर किंवा खाली जाईल. काम झालं की हेड बाहेर काढा; टेलस्टॉक होता तिथेच असतो.