ब्रॉन्को बासच्या पिकअपबद्दल खुलासा

‘स्क्वायर ब्रॉन्को बासचा पिकअप बदलायचा तर बॉडी कोरावी लागते, म्हणून मॉडिफिकेशनसाठी हा बास घेऊच नका,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. (ब्रॉन्को हा फेंडर कंपनीच्या स्क्वायर ब्रँडचा बास गिटार; पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग.)

३० इंच स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) या बासमध्ये मुळातच स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या मापाचा सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप असतो. १९७० च्या दशकातल्या फेंडर म्यूझिकमास्टर बासमध्येही गिटारचाच पिकअप होता. मी स्वतः माझ्या ब्रॉन्कोचा पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उघडला, स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या मापाचा हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) त्याच खाचेत बसवला. दोन स्क्रू, दोन वायरींचं सोल्डरिंग, बस्स. लाकडाला पटाशी लावावी लागली नाही.

गोंधळ कुठून झाला असेल तेही कळतं. फेंडरच्याच प्रिसिजन बास या दुसऱ्या मॉडेलचा दोन तुकड्यांचा पिकअप हवा असेल, तर मात्र कोरावंच लागतं.

खरी अडचण ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाची. जुन्या अ‍ॅफिनिटी मालिकेतल्या ब्रॉन्कोवर दोनच सॅडल (तारेखालचे सरकते आधार), म्हणजे दोन तारांना मिळून एक. ई तारेचं इंटोनेशन (प्रत्येक पट्टीवर सूर बरोबर लागणं) जुळवलं की ए बिघडते. पैसे आधी चार सॅडलच्या ब्रिजवर घाला, पण स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजूनच.

कमी बजेटमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा फार चांगला बास आहे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.