नदीच्या नकाशावरचा देश आणि आपली तानसा

सिएटलला असलेला माझा भाचा सध्या कॅस्केडियाच्या प्रेमात आहे. अमेरिकेतली वॉशिंग्टन आणि ओरेगॉन ही राज्यं, कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि आजूबाजूचा थोडा मुलूख मिळून वेगळा देश व्हावा, असं म्हणणारी ही मंडळी. (त्यातल्याच काहींना देश नकोय, नुसती 'हा प्रदेश एक आहे' एवढी जाणीव पुरे.) आधार ना धर्माचा, ना भाषेचा. डोंगर, नद्या आणि सामन मासा. डेव्हिड मॅक्लोस्की नावाच्या सिएटलमधल्या प्राध्यापकांनी पाणलोट धरून त्याचा नकाशा काढला. झेंडाही आहे, निळा-पांढरा-हिरवा, मधोमध डग्लस फरचं झाड. फुटबॉलच्या मॅचला तो जोरात फडकतो. निवडणुकीत मात्र या मागणीला कोणी विचारत नाही.

नकाशा बघून मीही हरखलो, खोटं कशाला बोलू! १८४६ च्या ब्रिटन-अमेरिका तहात ४९ व्या अक्षांशावर सरळ रेघ मारून मोकळे झाले होते. तिथली कोलंबिया नदी कॅनडात उगम पावते आणि अमेरिकेत समुद्राला मिळते, तिला रेघेचं काय?

पण मग ग्रँड कूली धरणाचं वाचलं आणि उत्साह ओसरला. याच कोलंबियावरचं हे प्रचंड धरण १९४२ मध्ये पूर्ण झालं. सामनला वर चढायला वाटच ठेवली नाही. केटल फॉल्सला पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या आदिवासींची ती जागाच पाण्याखाली गेली. आता गंमत बघा, हे धरण वॉशिंग्टन राज्यात आहे, म्हणजे कॅस्केडियाच्या ऐन पोटात. मासा तिथे अडला तो दोन देशांच्या सीमेमुळे नव्हे. वीज कोणाला आणि बुडणार कोण, हे ज्यांनी ठरवलं ते एकाच देशातले होते.

आपल्याकडे तर सीमेचा प्रश्नच नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा, तानसा, वैतरणा या नद्या, सगळं महाराष्ट्रात. भाषा एक, सरकार एक. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं आणि ते धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्याच गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरण उशाला, कोरड घशाला! तानसाचं पाणी आपल्याला, मुंबईकरांना, १८९२ पासून मिळतंय, तरी आपल्यातले कितीजण तिथे गेलेत? पाणीकपात जाहीर झाली की सोसायटीच्या ग्रुपवर तलावांची टक्केवारी फिरते, तेवढीच काय ती ओळख.

आणि खरंच पाणलोटावर हद्द आखली तर मुंबईचीच पंचाईत. वैतरणा समुद्राला मिळते ती अर्नाळ्याजवळ, वसई-विरारच्याही वर. हद्दीतले म्हणावेत असे आपले तलाव तीनच, विहार, तुळशी आणि पवई. त्यातलं पवईचं पाणी पिण्याचं नाही. बाकी सगळं पाइपातून दुसऱ्यांच्या खोऱ्यातलं.

म्हणून भाच्याला म्हटलं, झेंडा छान आहे रे, पण तुमच्या नव्या देशात धरणाच्या वरच्या बाजूला राहणाऱ्याचं मत किती मोजलं जाणार, ते आधी सांग. तो म्हणाला, मामा, तू विषय बदलतोयस. मला तरी विषय हाच वाटतो. मुंबई महापालिकेचं बजेट हजारो कोटींचं असतं. त्यातून शहापूरच्या पाड्यांना नळ द्यायला लागणारा पैसा म्हणजे चिल्लर. पाणी तिथून उचलायचं तर पहिला नळ त्यांचा, एवढं कलम पुढच्या प्रत्येक धरणाच्या करारात आधी घाला. मुंबईसाठी व्हायच्या गारगाई धरणाचं घोडं अजून पुढ्यात आहेच, सुरुवात तिथूनच करा.