कॅप्शन्सचा रोजचा ताप

अंधेरीच्या आमच्या कार्यालयात ई-लर्निंगचा धडा एमपी-४ व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट केला, की ओळ न् ओळ आवाजाशी जुळवून बसवलेली कॅप्शन्स, म्हणजे निवेदनाचा पडद्यावर दिसणारा मजकूर, गायब होतात आणि ती एसआरटी फाइलमध्ये (कॅप्शन्स आणि त्यांच्या वेळा लिहिलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) नव्याने उतरवण्याचे काम आमच्याच गळ्यात पडते. बरे, एवढ्यावर भागत नाही. ब्राउझरमधल्या प्लेअरला व्हीटीटी फाइल, म्हणजे कॅप्शन्सचा वेबसाठीचा प्रकार, लागते. तिथे वेळ लिहिताना सेकंदांनंतर एसआरटीतला स्वल्पविराम चालत नाही, टिंबच हवे, आणि फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात जतन केली नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो. त्यातच साहेब आदल्या संध्याकाळी निवेदनातले एक वाक्य वाढवतात, पुढच्या सगळ्या वेळा सरकतात, आणि वर विचारतात, ‘कॅप्शन्स कोण वाचतो?’ जणू ऐकू न येणारे कर्मचारी अस्तित्वातच नाहीत!