दुहेरी कुलूप

मोटार चोरीला जाऊ नये म्हणून तिच्यात जी सुरक्षा योजना बसवलेली असते, तिच्या कडकपणाचा अनुभव चोराला क्वचित आणि मालकाला वारंवार येतो. आमच्या मोटारीकडे आजवर एकही चोर फिरकलेला नाही, आणि तिचे वय व बंपरची अवस्था पाहता त्याबद्दल चोरांना दोष देता येणार नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा केला, आणि त्यामुळे नेदरलँड्समध्ये मोटारींच्या चोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या अर्थतज्ज्ञांनी हिशेबाने दाखवून दिले. त्या हिशेबात स्वतःच्याच मोटारीत अडकून बसलेले मालक धरायचे बहुधा राहून गेले असावेत.

माझे वडील, अण्णा, जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले. कोषागारातल्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलपे असतात, त्यांच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर झाल्याशिवाय दार उघडत नाही. या पद्धतीवर अण्णांची अशी काही श्रद्धा आहे की, मोटार घेताना विक्रेता मायलेजबद्दल बोलत असताना त्यांनी त्याला मध्येच थांबवून किल्लीची चौकशी केली होती. किल्लीच्या पात्यावरचे दाते लॉकमधल्या पत्र्या जुळवतात, हे पहिले कुलूप. दुसरे दिसत नाही. किल्लीच्या काळ्या मुठीत एक चिप असते. तिला सेल लागत नाही, लॉकभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याकडून मिळालेल्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपली ओळख सांगते, आणि ती ओळख इंजिनाच्या संगणकाला पटली नाही तर तो इंधन तोडतो. "म्हणजे डबल लॉकच की!" अण्णा गहिवरून म्हणाले, आणि मोटारीचा रंग त्यांनी त्यानंतर पाहिला. पुढे चोरीविरोधी यंत्रणेसाठी विमा हप्त्यात २.५ टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलत असते हे कळल्यावर त्यांनी विमा प्रतिनिधीला जे छळले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आत्या पहाटेच्या गाडीने स्टेशनवर उतरणार होती. रिमोटमधला सेल नेमका त्याच पहाटे संपलेला होता, म्हणून मी दार किल्लीने उघडले. रिमोटने बंद केलेले दार किल्लीने उघडणे म्हणजे घरफोडी, असे आमच्या मोटारीचे मत आहे. भोंगा सुरू झाला आणि सोसायटीतील खिडक्या एकेक करून उजळू लागल्या. इग्निशन ऑन केले की भोंगा थांबतो, हे मला ठाऊक होते. परंतु त्यासाठी किल्ली फिरावी लागते, आणि ती फिरेना.

याचे कारण अगदी साधे असते, फक्त ते भोंगा चालू असताना आठवत नाही. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग थोडे फिरले की आतली लोखंडी खिटी खाचेत बसते. पुढची चाके कडेच्या दगडाला दाबून उभी असली की त्या खिटीवर ताण येतो आणि ती सुटत नाही. अशा वेळी किल्लीवर जोर करायचा नसतो, कारण किल्ली मोडते. स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सैल वाटेल त्या बाजूला दाबून धरायचे आणि किल्ली हळुवार फिरवायची. तोवर गॅलरीतून वरच्या मजल्यावरचे काका लॉकमध्ये खोबरेल तेल सोडण्याचा आग्रह करीत होते. लॉकमध्ये तेल गेले की त्यावर धूळ बसून चिखल होतो, तिथे ग्रॅफाइटची पूड घालावी लागते, हे मी त्यांना ओरडून सांगितले; परंतु भोंग्यापुढे शास्त्राचे काही चालत नाही.

अखेर किल्ली फिरली, भोंगा थांबला आणि इंजिन सुरू झाले. क्षणभरच. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा तेच. एव्हाना खाली जमलेल्या मंडळींनी एकमताने बॅटरीला दोषी ठरवून धक्का देण्यासाठी बाह्या सरसावल्या होत्या. इंधनच सुटत नसेल तर ढकलून केवळ व्यायाम होतो, हे त्यांना पटवण्यापेक्षा मी मेकॅनिकला फोन लावला.

"सेल्फ जोरात फिरतोय ना साहेब? मग बॅटरी चांगली आहे. मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतोय का?"

लुकलुकत होता.

"जुडग्यात दुसऱ्या कुठल्या गाडीची चावी आहे का बघा."

मी पाहिले. आमच्या किल्लीला खेटून दाजींच्या मोटारीची किल्ली लटकत होती. दाजी आपली मोटार आमच्याकडे ठेवून रेल्वेने नागपूरला गेले होते. मी अण्णांकडे पाहिले.

"जबाबदारीचा ऐवज एका जागी असावा," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अण्णा, कोषागारात दोन किल्ल्या एकाच कडीत ठेवता का?"

"तिथे माणसे दोन असतात. इथे तू एकटाच आहेस."

एकाच वेळी दोन चिपा आपापली ओळख सांगू लागल्यामुळे मोटारीला त्यांतली एकही धड ऐकू येत नव्हती, आणि ओळख न पटलेल्या माणसाला तिने दारातच थांबवले होते. कोषागारातल्या कोणत्याही शिस्तप्रिय लिपिकाने तेच केले असते. दाजींची किल्ली कडीतून काढली, इग्निशन बंद करून थोडे थांबलो, आणि मोटार अशी सुरू झाली की तिला कधी काही झालेच नव्हते. आत्या मात्र तोवर रिक्षाने येऊन पोहोचली होती, आणि रिक्षाचे भाडे कोणी द्यायचे यावरून आवारात नवा वाद सुरू झाला.

मोटार चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, हे अण्णांनी त्यानंतर कुठेतरी वाचले. आता आमच्या मोटारीची दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित आहे. लॉकरची किल्ली हरवू नये म्हणून अण्णांनी ती मोटारीच्या पहिल्या किल्लीच्या कडीत अडकवली आहे.