‘मासे कमी झालेच नाहीत’ म्हणे! एका फॉरवर्डचा समाचार

गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याने यंदाच पहिला रॉड घेतलाय. त्यालाही तो पोचला आणि त्याने मला विचारलं, “मग मामा, तांबोशी माशाची पिल्लं मी एकट्यानेच का सोडायची?” म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या लोकांच्या ‘तेव्हा काय मासे मिळायचे’ छापाच्या आठवणी म्हणजे नुसत्या थापा. पालघरच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेवर घोळ मासे मिळाले, मग टंचाई कुठाय? मासे संपले नाहीत, खोल गेले. एक मासा लाखो अंडी घालतो, त्यामुळे पिल्लं मारल्याने काही बिघडत नाही. दोष असलाच तर प्रदूषणाचा. आणि पावसाळी बंदी बोटी बुडू नयेत म्हणून असते, माशांशी तिचा संबंध नाही.

आधी आठवणींचं बघू. गरवणारा माणूस रिकाम्या हाताने परतलेले दिवस विसरतो आणि सुटलेला मासा दरवर्षी वीतभर वाढवतो, हे मान्य. पण आठवणींवर विसंबायची गरजच काय? फ्लोरिडातल्या की वेस्टला पर्यटकांना गरवायला नेणाऱ्या बोटी परतल्यावर दिवसाचा सगळ्यात मोठा मासा टांगून फोटो काढायचा रिवाज आहे. ते जुने फोटो मोजले गेले. १९५६ साली फोटोतल्या माशाचं सरासरी वजन साधारण २० किलो भरत होतं, २००७ मध्ये सव्वादोन किलोच्या आसपास. फोटोतले चेहरे मात्र दोन्हीकडे सारखेच खूश. मेसेजवाल्याने नेमकं इथेच उलटं धरलंय. प्रत्येक नवा गरवणारा आपलं पहिलं वर्ष हेच ‘नॉर्मल’ समजतो, त्यामुळे घट फुगवून सांगितली जाण्यापेक्षा कमी दिसण्याचीच शक्यता जास्त.

हे फ्लोरिडाचं झालं म्हणाल, तर आपलं पापलेट घ्या. २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं, ते काही त्याचा सुळसुळाट झाला म्हणून नव्हे. त्याला राज्यमासा करा या मागणीबरोबर जे आकडे मांडले गेले त्यात १९६२ ते १९७६ या काळात राज्यातलं पापलेटचं सरासरी उत्पादन ८,३१२ टन होतं. २०१० ते २०१८ मध्ये ते ४,१५४ टनांवर आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं. आणि हे निम्मंही तेव्हाच्या मेहनतीत मिळालेलं नाही. मधल्या काळात इंजिनं मोठी झाली, मासे शोधणारी फिश फाइंडर यंत्रं आली, बर्फ भरून बोटी आठ-दहा दिवस बाहेर राहू लागल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत २०१९ ची राज्याची एकूण मासळी २.०१ लाख टन होती, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे दिवस बुडाले होते, हे सांगायला हवं, म्हणून त्या एका आकड्यावर मी फार भार टाकत नाही. पापलेटच्या आकड्यांना मात्र वादळाची सबब चालत नाही, ते वर्षानुवर्षांचे आहेत.

पालघरकडच्या मुरबे गावच्या त्या घोळींची बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२१, १५७ घोळी, लिलावात १ कोटी ३३ लाख. भागाकार करा: एका घोळीला जवळजवळ ८५ हजार. ढिगाने मिळणाऱ्या माशाला असा भाव येतो का? हा पैसा मुख्यतः भोताचा, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा आहे. ते सुकवून परदेशी जातं. शिवाय घोळ थव्याने जमणारा मासा. जमाव झाला की भोताच्या जोरावर आवाज काढतो, आणि जुने कोळी तो आवाज ऐकून जाळं टाकत. असा एक थवा एका जाळ्यात सापडणं हे भरभराटीचं लक्षण नाही, कित्येक वर्षांची पैदाशीची घोळ एका दिवसात उचलली गेली एवढाच त्याचा अर्थ. एका बोटीला मिळालं म्हणून बातमी झाली. बाकीच्या बोटींना काय मिळालं याची बातमी होत नाही.

‘खोल गेले’ यात चिमूटभर तथ्य आहे. पाणी तापतंय, तारलीसारखे मासे आपला पल्ला उत्तरेकडे सरकवताहेत. पण जिताडा कुठे खोल जाणार? त्याची पिल्लं खाडीत, खारफुटीत, पेण-अलिबागकडच्या खारजमिनीत वाढतात. बांध घातला, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बंद केली, खाजण (खाडीकाठची दलदल) भरलं की त्याला जागाच उरत नाही. काळुंदराचंही तसंच.

आता तो लाखो अंड्यांचा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतोय, कारण ऐकायला तो शास्त्रीय वाटतो. अंडी लाखांनी असतात, बरोबर. ती लाखांनी असतात कारण जवळजवळ सगळी मरतात. एका जोडीच्या आयुष्यभराच्या अंड्यांतून सरासरी दोन मासे मोठे होऊन प्रजननापर्यंत पोचले तरी संख्या टिकते. म्हणजे तळहाताएवढं झालेलं पिल्लू हे त्या लाखांतलं एक अंडं नव्हे. मरणाचा सगळ्यात वाईट टप्पा ओलांडून आलेला तो मासा आहे. तो मारणं आणि अंडं मरणं एकाच मापाने मोजायचं हा हिशेबच चुकीचा.

पैशाचा हिशेबही करून बघा. ३० ग्रॅमची पापलेटची पिल्लं किलोत ३३ बसतात. त्यांना ४०० ग्रॅमपर्यंत वाढू दिलं आणि तोवर तिघांतली दोन आपसूक मेली असं धरलं, तरी ११ उरतात: ४ किलो ४०० ग्रॅम. वर मोठ्या पापलेटचा किलोचा भाव पिल्लांच्या भावाच्या कितीतरी पट. एक किलो चिल्लर विकून आपणच आपले जवळजवळ साडेचार किलो बुडवतो.

पिल्लं येतात कुठून? डोल हे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ती ओढीच्या पाण्यात तोंड उघडं धरून बसते आणि शेपटाकडच्या पिशवीचे आस (जाळ्याची भोकं) इतके बारीक असतात की आत शिरलेलं काहीच सुटत नाही. ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, अडचण वेगळी. साध्या जाळ्याचे आस ओढ बसली की मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात. म्हणून पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस लावायचा नियम आहे. वर आलेली पिल्लं दाबाने चेंगरलेली असतात, ती परत टाकून उपयोग नाही. निवड जाळ्यातच व्हायला हवी, टोपलीत नव्हे.

गळाचं मात्र तसं नाही, आणि गरवणाऱ्याने हा मेसेज पुढे ढकलावा याचा राग त्यामुळेच येतो. गळाचा मासा जिवंत वर येतो, फक्त हाताळणी नीट हवी. गळाची उलटी काटी पक्कडीने दाबून टाका. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका देऊ नका. दोरी ताणली की तो ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो, झटका दिलात तर सुटतो. मासा ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि जखम सडते. गळ घशात गेला असेल तर उपटू नका, दोरी तोंडाजवळ कापा. स्टेनलेसचा नसेल तर गळ गंजून पडतो. शिंगाडा माशाच्या नराच्या तोंडात अंडी दिसली तर त्याला लगेच पाण्यात सोडा, तो ती तोंडातच सांभाळतो. आणि मोजपट्टी जवळ ठेवा. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यात ५४ जातींना किमान लांबी ठरलेली आहे: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००.

प्रदूषणाचा मुद्दा नाइलाजाने मान्य. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत गळ टाकणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. पण सांडपाण्याने खाडी मेली म्हणून बाहेरच्या समुद्रात एलईडी दिवे लावून मासे गोळा करायचा परवाना मिळत नाही. त्यावर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे.

राहिली पावसाळी बंदी. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. बोटींची सुरक्षितता हे तिचं एक कारण आहेच, दुसरं कारण माशांच्या विणीचं. मेसेजवाल्याने अर्धं वाचलं. ही बंदी यांत्रिक बोटींना आहे, काठावरून गळ टाकणारा तिच्यात येत नाही, आणि गोम इथेच आहे. पहिल्या पावसाने पाणी गढूळ झालं की मोठे जिताडे अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी येतात. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नक्कीच मादी. गोबरा माशाचं उलट, तिथे मोठा तो नर. जूनमध्ये खाडीच्या तोंडाशी असा जिताडा लागलाच तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा, फोटो पाण्यातच काढा, आणि डोकं प्रवाहाकडे करून त्याच्या कल्ल्यांची हालचाल नीट सुरू होईपर्यंत धरून ठेवा.