खुलासा : एनर्जी ड्रिंकमधल्या 'बैलाच्या वीर्या'बद्दल

परवा मीच इथे एक मेसेज पुढे ढकलला होता : 'एनर्जी ड्रिंकमधलं टॉरिन बैलाच्या वीर्यातून काढतात, मुलांना पाजू नका.' ते चुकीचं आहे. न तपासता पाठवलं, माफ करा.

टॉरिन १८२७ मध्ये पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं. लॅटिनमध्ये 'टॉरस' म्हणजे बैल, तिथून हे नाव आलं. पेयांतलं टॉरिन आज कारखान्यात रसायनांपासून बनतं. आपल्या शरीरातही ते तयार होतं.

पण म्हणून डबा निर्धोक ठरत नाही. काल दुकानात एक उलटा करून बघितला. २५० मिलीत ७५ मिलिग्रॅम कॅफीन, २७ ग्रॅम साखर (चहाचे सहा-सात चमचे!). खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी योग्य नाही, अशी सूचना. भिंग लागावं इतकी बारीक. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने मुलांना दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन पुरे. ४० किलोच्या पोराने दोन डबे प्यायले की मर्यादा ओलांडली. मग झोप उडते, छाती धडधडते. परीक्षेच्या रात्री नेमकं हेच चालतं.

तो जुना मेसेज कुणाकडे असेल तर काढून टाका, पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.