सिनेटरला पत्र लिहिल्याने नागरिकत्व अडत नाही

आयर्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: आयरिश सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे (सिनेटचे) सदस्य, कोणी निवडून दिलेले नसतात, गावची बस, दवाखाना, शाळेची इमारत असले विषय ते सभागृहात मांडतात ते केवळ चित्रफितीसाठी, आणि त्यावर कोणी उत्तरही देत नाही, 2013 मध्ये जनतेने हे सभागृह बंद करायला सांगूनही सरकारने ते चालू ठेवले, आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत, आपल्यापैकी जे नागरिक नाहीत त्यांनी सिनेटरला पत्र वगैरे लिहू नये, कारण त्याची नोंद होते आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर शेरा बसतो.

कॉर्कमध्ये परिचारिका असलेल्या माझ्या मावसबहिणीने, रात्रपाळी संपल्यावर घरी यायला बस नसते या तक्रारीचे एक पत्र तिथल्याच एका सिनेटरसाठी लिहून ठेवले होते. हा संदेश वाचून तिने ते पुसून टाकले. "दादा, नसती ब्याद कशाला मागे लावून घ्यायची?" एवढेच ती म्हणाली. त्यामुळे शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे अज्ञानातून आलेले आहेत, पण हा माणसांना गप्प बसवणारा आहे.

नागरिकत्व कशावर मिळते हे गुपित नाही. 1956 च्या आयरिश राष्ट्रीयत्व व नागरिकत्व कायद्याच्या कलम 15 मध्ये अटी एकेक करून दिल्या आहेत: अर्जदार सज्ञान असावा, त्याचे चारित्र्य चांगले असावे, ठरलेला निवासकाळ पुरा झालेला असावा, पुढेही राज्यात राहण्याचा त्याचा हेतू असावा आणि त्याने निष्ठेची प्रतिज्ञा घ्यावी. यात लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे नेमके कोणत्या अटीत अडकते, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. चारित्र्याच्या अटीखाली पाहिले जातात ते गुन्हे, खटले, पोलिसांकडच्या नोंदी. रात्री बस नाही अशी तक्रार करणे हे जर चारित्र्याला लागलेले गालबोट असेल, तर निम्मा आयर्लंड आपले नागरिकत्व गमावून बसेल. गंमत म्हणजे वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. एखाद्याच्या प्रलंबित अर्जाविषयी संसदेत प्रश्न आला की न्यायमंत्र्यांच्या उत्तराच्या शेवटी वर्षानुवर्षे एक ठराविक परिच्छेद येतो, आणि त्यात सांगितलेले असते की वैयक्तिक प्रकरणांच्या चौकशीसाठी 'ओरॅख्तस मेल' ही ईमेलची खास सोय खात्याने उघडली आहे, ती वापरावी. ओरॅख्तस म्हणजे आयरिश संसद, आणि सिनेटर हे तिचे सदस्य आहेत. म्हणजे ज्या खात्याची भीती घातली जाते आहे, त्याच खात्याने संसद सदस्यांना तुमच्या अर्जाची विचारपूस करता यावी म्हणून स्वतंत्र दार ठेवले आहे.

नागरिक नसलेल्यांना सिनेटर विचारत नाहीत, हे संदेशातले म्हणणे याच मुद्द्याचे शेपूट. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी नागरिकत्व लागतच नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि तिथे सर्वसाधारणपणे राहणारा कोणीही, मग तो कामाच्या परवान्यावर आलेला का असेना, पीपीएस क्रमांक (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) आणि एअरकोड (पत्त्याचा टपाल संकेतांक) देऊन मतदार यादीत नाव घालू शकतो. त्या मतांवर 31 स्थानिक परिषदांतले 949 नगरसेवक निवडून येतात. आणि सिनेटच्या 60 पैकी 43 जागांसाठी मतदार कोण? हेच नगरसेवक, त्यांच्या जोडीला कनिष्ठ सभागृहाचे म्हणजे डॉलचे सदस्य आणि मावळते सिनेटर. आपल्याकडे विधान परिषदेच्या 22 जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना समजायला अडचण पडू नये. ज्या नगरसेवकाला तुम्ही मत दिले त्याचे मत मागायला सिनेटर देशभर फिरतो, त्यामुळे गावोगावची गाऱ्हाणी ऐकणे हा त्याच्या राजकीय पोटापाण्याचाच भाग आहे. सिनेटर राष्ट्रीय प्रश्नांबरोबर एखाद्या खेड्यातल्या रुग्णवाहिकेबद्दल का बोलतो, याचे उत्तर चित्रफितीपेक्षा या मतदार यादीत अधिक सापडते.

'कोणी निवडून दिलेले नसतात' हे वाक्य त्यामुळे आपोआपच निकालात निघते. तरी त्यात अर्धे सत्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. सर्वसामान्य मतदार सिनेटरला थेट मत देत नाही. 11 जणांना पंतप्रधान नेमतात, आणि सरकारला बहुमताची चिंता पडू नये ही त्यामागची सोय उघड आहे. उरलेल्या सहा जागा केवळ दोन विद्यापीठांच्या पदवीधरांकडे राहिल्या, तेही 1979 च्या सार्वमताने हा अधिकार इतर संस्थांना देण्याची वाट मोकळी केल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ. हे लाजिरवाणेच होते.

आता 'नुसती बडबड, उत्तर कोणी देत नाही' या मुद्द्याकडे वळू. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा 'ऑर्डर ऑफ बिझनेस'ची एखादी चित्रफीत पाहिली असावी. त्या वेळेत दिवसाचे कामकाज ठरवताना सिनेटर एकामागून एक उठतात आणि पुराचे पाणी, रुग्णालयातली रांग, गाझा, घरभाडे असे मनातले सगळे मांडून टाकतात. समोर मंत्री नसतो, सभागृह नेता ऐकून घेतो आणि शेवटी एकत्रित उत्तर देतो. यातले बरेचसे बोलणे आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रासाठी असते, हे मी नाकारत नाही. पण सिनेटच्या बैठकीत 'कमेन्समेंट मॅटर्स' नावाचा दुसराच प्रकार असतो, आणि विधिमंडळातली लक्षवेधी सूचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. सिनेटर एकच नेमका विषय आधी लेखी देतो, अध्यक्षांनी तो निवडला तर संबंधित मंत्री किंवा राज्यमंत्री सभागृहात येतो, सिनेटर मोजक्या मिनिटांत प्रश्न मांडतो, मंत्री खात्याचे उत्तर वाचतो आणि सिनेटरला पुन्हा एकदा बोलता येते. अनेकदा भलत्याच खात्याचा राज्यमंत्री येऊन कागद वाचून दाखवतो आणि सिनेटर त्यावर रास्त चिडतात. तरीसुद्धा तो कागद अधिकृत इतिवृत्तात छापला जातो: अमुक शाळेची इमारत मंजुरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, अमुक मार्गाचा निर्णय कोणत्या यंत्रणेकडे आहे, हे खात्याच्या तोंडून नोंदले जाते, आणि पुढच्या वर्षी तेच खाते वेगळे बोलू लागले तर तो कागद त्याच्यासमोर धरता येतो. मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारण्याचा डॉलच्या सदस्यांना असलेला अधिकार सिनेटरला नाही, म्हणून तर या सूचनांना अधिक महत्त्व आहे.

बडबडीतून कायदा कधी झाला का, असेही त्या संदेशात कुत्सितपणे विचारले आहे. झाला आहे. जॉन क्राऊन, जिलियन व्हॅन टर्नहाऊट आणि मार्क डेली या तीन सिनेटरांनी 2012 मध्ये आणलेल्या विधेयकातून, मुले बसलेली असताना गाडीत धूम्रपान करण्यास बंदी घालणारा 2014 चा कायदा झाला आणि तो 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. आयरिश खूणभाषेला मान्यता देणारा 2017 चा कायदा हा मार्क डेली यांच्या विधेयकाचे फळ आहे. मुलांना मारणाऱ्या पालकांना 'वाजवी शिक्षा' या सबबीखाली मिळणारा बचाव 2015 मध्ये रद्द झाला तो व्हॅन टर्नहाऊट यांच्या दुरुस्तीमुळे, आणि त्या स्वतः पंतप्रधानांनी नेमलेल्या अकरांपैकी होत्या, जे केवळ खुर्ची उबवतात असे आपल्याला सांगण्यात येते.

हे सभागृह सरकारला रोखू शकत नाही, हे मात्र खरे. राज्यघटनेनुसार धनविधेयकावर त्याला 21 दिवसांत फक्त शिफारशी करता येतात, आणि साधे विधेयक अडवले तरी 90 दिवसांनंतर डॉल ते रेटून नेऊ शकते. 1959 मध्ये प्रमाणबद्ध मतदानपद्धत मोडीत काढणारे घटनादुरुस्ती विधेयक सिनेटने फेटाळले, तेव्हा डॉलने हेच केले. पण मग 17 जून 1959 च्या सार्वमतात जनतेनेच ते नाकारले. दुबळ्या सभागृहाने केलेला विरोध म्हणजे वाया गेलेला विरोध, असे समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

2013 ची गोष्ट तर चक्क उलटी करून सांगितली आहे. 4 ऑक्टोबर 2013 रोजी सिनेट बरखास्त करावी का, हे एन्डा केनी यांच्या सरकारने जनतेला विचारले आणि 51.7 टक्क्यांनी 'नको' म्हटले. मतदान जेमतेम 39 टक्के झाले होते, निकाल अटीतटीचा होता. पण सभागृह राहिले ते जनतेच्या मताने, सरकारच्या हट्टाने नव्हे. बंद करायचे होते ते सरकारलाच.

'आपले वराडकर सिनेटमधूनच पंतप्रधान झाले' हे वाक्य त्या संदेशात कशासाठी घातले आहे, ते कळत नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड, इथपर्यंत ठीक. ते स्वतः आधी नगरसेवक होते आणि 2007 ते 2024 या काळात डॉलचे सदस्य. सिनेटर असलेल्या व्यक्तीला पंतप्रधान होण्याची मुभा आयरिश राज्यघटना देतच नाही.

विद्यापीठांच्या जागांचा प्रश्नही आता मार्गी लागला आहे. मार्च 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोनच विद्यापीठांची ही मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली, आणि 2024 च्या कायद्याने सहा जागांचा एकच उच्च शिक्षण मतदारसंघ केला. जानेवारी 2025 ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली. पुढच्या वेळी लिमरिक किंवा डब्लिन सिटी विद्यापीठाची पदवी असलेल्यांनाही मत देता येईल. आपली कितीतरी मुले तिथे शिकून आयरिश नागरिक झाली आहेत. या मतदारसंघाची यादी स्थानिक मतदार यादीपेक्षा वेगळी आहे आणि तीत नाव आपोआप येत नाही, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.